सायकल, डोंगर आणि कालवा

सातारा जिल्हा एकच, पण त्यात पाऊस दोन तऱ्हेचा. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमचा माण तालुका. इथं 400-500 मिलिमीटर पडला तरी माणसं म्हणतात, औंदा साल बरं गेलं. ढग येतात, पण सह्याद्री त्यांना वाटेतच पिळून घेतो. आमच्यापर्यंत पोचतो तो निव्वळ वारा. म्हणून आमच्याकडं बाजरी, मटकी, हुलगा, आणि परतीचा पाऊस झालाच तर रब्बीचा जोंधळा. बाकी मेंढरं आणि खिलार जनावरं.

तालुक्याच्या उत्तरेला शंभूमहादेवाच्या डोंगराची रांग आडवी पसरली आहे. शिखर शिंगणापूरचा महादेव तिच्यावरच. या रांगेच्या दक्षिणेला माणगंगेचं खोरं, उत्तरेला नीरेचं. दोन्ही नद्या शेवटी भीमेलाच मिळतात, नीरा पंढरपूरच्या वर नरसिंगपूरला आणि माणगंगा पंढरपूरच्या खाली. पण दोघींची तऱ्हा वेगळी. नीरा भोरच्या डोंगरातलं पाणी घेऊन येते. माणगंगा आमच्याच तालुक्यात कुळकजाईच्या बाजूला उगवते आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यात वाळूखाली दडते.

या डोंगराच्या अलीकडं आणि पलीकडं काय फरक आहे ते मला भूगोलाच्या पुस्तकातून कळलं नाही. 1973 च्या मे महिन्यात थोरल्या भावाबरोबर एका सायकलवर मी पलीकडं गेलो, तेव्हा कळलं. जाताना सत्तरेक किलोमीटर आणि येताना तेवढंच. एसटीत बसलं की माणूस पेंगतो. पायी निघालं की नजर पायाखालच्या वाटेवर राहते. सायकलवर मात्र प्रत्येक चढ मांडीला कळतो आणि प्रत्येक उतार कानात वाऱ्यानं सांगतो. पाण्याला आणि सायकलला एकच गोष्ट समजते, ती म्हणजे उतार. पण पाणी नुसत्या उताराच्या मर्जीनं जात नाही, माणूस ते वळवतो, हे त्या प्रवासात बघितलं.

आधी सायकलीचं सांगतो, कारण आताच्या पोरांना तिची किंमत कळायची नाही. माझ्या लहानपणी गावात सायकल म्हणजे गुरुजींची, पोस्टमनची, नाहीतर एखाद्या दूध घालणाऱ्याची. स्वातंत्र्याच्या आधी सायकली विलायतेहून यायच्या. रॅले, हंबर, बीएसए ही नावं आमची म्हातारी माणसं देवाच्या नावासारखी घ्यायची. 1950 च्या पुढं मद्रासकडं हर्क्युलस, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हीरो असे देशातले कारखाने निघाले आणि सायकल शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. आवाक्यात म्हणजे काय, तर एखादं खोंड विकलं तर. लग्नात नवरदेव घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागायचे. तालुक्याच्या गावी तासावर सायकल भाड्यानं मिळायची. आम्ही पोरं पहिल्यांदा हाफ पायडल शिकायचो, म्हणजे नळीखालून एक पाय पलीकडं घालून, वाकडं होऊन. सीटवर बसायला उंची पुरायची नाही. गुडघे फुटल्याशिवाय कुणाला सायकल आली असं मी ऐकलेलं नाही.

आमच्या आबांनी बदली होऊन चाललेल्या एका गुरुजींकडून जुनी सायकल घेतली होती. एक बोकड आणि वर थोडे रुपये असा सौदा झाला होता. 24 इंची, काळी, चेनकव्हर निम्मं गेलेलं, कॅरिअर मात्र दणकट. त्या कॅरिअरवरून दळण गेलं, कडब्याच्या पेंढ्या गेल्या, आजीला दवाखान्यात नेलं ते त्याच्यावरूनच. आमची वाडी दहिवडीच्या अलीकडं दोन कोसांवर. सातवीपर्यंत जवळच्या गावात शाळा होती, पुढं दहिवडीला जावं लागायचं. आठवीचं वर्ष मी त्या सायकलवर काढलं. दादा माझ्याहून 5 वर्षांनी मोठा. त्यानं नववीतच शाळा सोडली होती. घरात दोन माणसांच्या शाळेचं जमत नाही, एकाचंच जमतं, असं तो म्हणायचा आणि हसायचा.

आता दुष्काळाचं. 1972 च्या आधीची दोन वर्षंसुद्धा पाऊस ओढीचाच होता. पण 72 ला त्यानं पाठच फिरवली. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, बाजरी वितीएवढी होऊन करपली. दिवाळीपर्यंत आडात दोर पुरेना. धान्य नव्हतं असं नाही, पण विकत घ्यायला पैसा नव्हता आणि शेतात काम नव्हतं. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारनं जागोजाग कामं काढली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं या दुष्काळी कामांवर होती. आमच्या घरातली दोन त्यात होती, आई आणि दादा.

खडीच्या कामावर सकाळी हजेरी व्हायची. मस्टरवर अंगठा. बायका डोक्याला पदर गुंडाळून ओळीनं बसायच्या, पुढ्यात दगड, हातात हातोडी. कपच्या उडून डोळ्यात जायच्या. फोडलेल्या खडीचं माप घेऊन मजुरी मिळायची. कामावर सुकडी मिळायची, पिवळसर गोडूस भुकटी. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापताना चिरायची आणि रंग विटकरीसारखा. आई म्हणायची, "जनावराचं खाणं हाय, पर जनावरालाबी मिळंना." पण ती मिलो होती म्हणून माणसं जगली, हेही खरं. आमच्या वाडीत त्या साली भुकेनं कुणी गेलं नाही. आजीच्या तोंडून तिच्या आज्याच्या काळच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, 1876 ते 78 च्या. त्यात घरंच्या घरं बसली होती. त्या मानानं आम्ही नशीबवान.

आबा जनावरं घेऊन छावणीत होते. दोन बैलांतला एक तिथंच बसला, तो उठला नाही. मे महिना निम्मा झाला तेव्हा घरात खायला मिलो होती, पण पेरायला काही नव्हतं. बियाणाची बाजरी आम्ही माघातच दळून खाल्ली होती. पाऊस आला आणि बी नसलं तर पुढचं सालही गेलं म्हणून समजा. रोहिणी लागायच्या आत बी घरात पाहिजे होतं.

माझी मावशी बारामती तालुक्यात दिली होती, नीरेच्या डाव्या कालव्याकाठी. तिच्या मालकांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचा ऊस होता. आईनं आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "तात्यांकडं जावा. बाजरी मागा, थोडा हुलगा मागा. फुकट न्हाय, सुगीला परत करू म्हणावं. आन् न्हायच म्हणलं, तर सायकल तिकडं इकून या. त्या मुलखात गिऱ्हाईक मिळंल."

दादा काही बोलला नाही. त्यानं सायकल उलटी करून उभी केली, चेनला तेल घातलं, आणि मागच्या टायरला जिथं चीर होती तिथं आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला. पंक्चरचं सामान, पंप, पाण्याची पत्र्याची बाटली, आणि फडक्यात मिलोच्या चार भाकरी. चांदणी उगवायच्या वेळी आम्ही निघालो.

दहिवडी अंधारात मागं टाकली. पुढं बिजवडीकडं जाणारा रस्ता. सपाटीला दादा सायकल मारायचा आणि मी कॅरिअरवर, चढाला दोघंही खाली. उजाडलं तसा दोन्ही बाजूंचा मुलूख दिसायला लागला. बांधावरच्या बाभळीसुद्धा शेंड्यापर्यंत छाटलेल्या, मेंढरांना पाला म्हणून. विहिरींच्या काठावर मोटेची धाव होती, बैल नव्हते. एका ठिकाणी रस्त्याकडेला खडीचे ढीग ओळीनं मापात रचलेले. दादा म्हणाला, "बारक्या, ही बघ आमची खडी. हित आमची टोळी हुती पौष महिन्यात." पुढं अर्धा कोस आम्ही त्याच्याच खडीवरून गेलो. अजून रोलर फिरला नव्हता, सायकल नाचत होती. 72 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांना पहिल्यांदा रस्ता मिळाला तो असा. ज्यांनी दगड फोडले, त्यांच्यातल्या बहुतेकांना त्यावरून कुठं जायचं नव्हतं. मोलमजुरीला परगावी जाताना मात्र तो उपयोगी पडला.

मोगराळ्याचा घाट आमच्या बाजूनं फारसा जाणवत नाही, कारण आमचा तालुकाच उंचावर आहे. माथ्यावर आलो आणि दादानं सायकल थांबवली. खाली फलटणचा मुलूख पसरला होता. पायथ्याजवळचा पट्टा आमच्यासारखाच भुरा. पण त्याच्यापलीकडं, लांब, उन्हात एक काळपट हिरवी रेघ दिसत होती, कुणी पट्टी धरून ओढावी तशी. "त्यो कालवा," दादा म्हणाला. मला वाटलं होतं कालवा निळा दिसत असंल. कालवा लांबून हिरवा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उतार लागला. पुढचा ब्रेक बरा होता, मागचा नावापुरता. दादानं चपलेचा तळ टायरवर दाबून वेग धरला. दुधेबावीला एका घरी पाणी मागितलं. घरच्या बाईनं तांब्या दिला आणि म्हणाली, "बाबांनो, प्या, पर बाटली भरून मागू नका." फलटण तालुका, राजाचा मुलूख, कालव्याचा तालुका, पण दुधेबावी कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याचं पाणी खालच्या अंगालाच जाणार. वरच्या गावांनी ते नुसतं बघायचं. म्हणजे डोंगराच्या पलीकडंही सगळं हिरवं नव्हतंच. आमच्या आणि त्यांच्या दुष्काळात डोंगर नव्हता, फक्त तालुक्याची शीव होती.

फलटण आलं तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. शहरात पोलीस डबलसीट धरतात असं ऐकलं होतं, म्हणून आम्ही सायकल हातात धरून चाललो. निंबाळकरांचं संस्थान 1948 साली विलीन झालं, पण गावाचा थाट अजून संस्थानाचाच होता. रामाच्या देवळाच्या सावलीला भाकरी खाल्ली आणि ऊन कलेपर्यंत पडून राहिलो. मग उजवा कालवा बघितला. पाळी बंद होती. तळाला चिखल आणि मधे मधे डबकी. त्यात पोरं मासे चाचपत होती. कालव्यात पाणी नव्हतं तरी त्याच्या खालच्या अंगाला विहिरींना पाणी होतं, केळीची पानं हलत होती. जमिनीत मुरलेलं पाणी मालकाला विचारून येत नाही. ते आलेलं असतं.

नीरा ओलांडली तेव्हा दिवस मावळायला आला होता. नंतर दोन्हीकडं ऊस. आम्ही दोघंही गप्प झालो. उसाच्या फडातून येणारा तो गार वारा अंगाला लागला की काय वाटतं ते माणदेशाबाहेरच्या माणसाला सांगता यायचं नाही. मावशीच्या वस्तीवर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मावशीनं आम्हाला ओळखलं, पण आधी ती आमच्या हातांकडं बघत राहिली. दादाचे हात खडीनं फुटलेले होते. रात्री तिनं पांढऱ्या जोंधळ्याची भाकरी वाढली. कोरड्यास काय होतं ते आठवत नाही, भाकरीचा रंग आठवतो.

डावा कालवा त्या रात्री वाहत होता. तात्या म्हणाले की पाळी लई लांबली होती, ती कालच सुटली. धरणात पाणी कमी, त्यामुळं त्यांचाही ऊस निम्मा वाळला होता. हा कालवा कसा झाला ते पुढं मी वाचून काढलं. ज्या दुष्काळाच्या गोष्टी आजी सांगायची, त्याच दुष्काळात सरकारला माणसांच्या हाताला काम द्यायचं होतं. त्यातून नीरेच्या डाव्या कालव्याची माती निघाली. 1885 च्या सुमारास त्यात पाणी सुटलं. भोरजवळ भाटघरला धरण झालं. पुढं त्याच जागी मोठं धरण बांधलं, ते 1928 साली पुरं झालं, आणि उजव्या कालव्यालाही पाणी मिळालं.

गंमत अशी की कालवा काढला तो जोंधळा-बाजरी वाचवायला. दुष्काळात माणसाच्या पोटाला काही उगवावं, असा त्यातला हेतू. पण पाऊस बरा झाला की शेतकरी जोंधळ्याला पाणी घेईना, कारण पाणीपट्टी भरावी लागायची. पाणी असं वाया जाऊ नये म्हणून सरकारला बारमाही पिकाचं गिऱ्हाईक पाहिजे होतं, आणि ते उसाचं मिळालं. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. पाणी थोड्या ठिकाणी न साठता पुष्कळ गावांना मिळावं म्हणून त्यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉकची पद्धत सुचवली. सासवडचे माळी नीरेच्या कडेकडेनं खाली सरकत गेले, खंडानं जमिनी घेऊन ऊस लावत, गूळ करत. 1930 नंतर त्यांनी माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले. म्हणजे दुष्काळासाठी काढलेल्या पाण्यावर साखर झाली. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याच्या शिवारात पाणी येतं तो चांगला पैसा देणारं पीक घेणारच, आम्हीही घेतलं असतं. पण 1876 चा दुष्काळ नीरेकाठी पडला तसाच माणगंगेकाठीही पडला होता. माणगंगेवर म्हसवडच्या खाली राजेवाडीला त्याच काळात मोठा तलाव झाला खरा, पण त्याचं पाणी उतारानं आटपाडी-सांगोल्याकडं गेलं. आमच्या वाट्याला पुन्हा वरचंच अंग आलं.

दुसऱ्या दिवशी दादानं तात्यांकडं विषय काढला. तात्या माणूस वाईट नव्हता. त्या काळी धान्य उसनं द्यायचं तर सवाईनं नाहीतर दिढीनं परत घ्यायची रीत होती. एक पोतं नेलं की सुगीला दीड पोतं. तात्या म्हणाले, "दिढी-सवाई मी घेणार न्हाय, आपलीच पोरं हायसा. बी घिऊन जावा. पर माझा गडी गेलाय सोडून. दारं धरायला माणूस न्हाय. तुझ्यासारखा एक गडी सालानं मिळाला तर बघ. उचल आजच देतो."

दादा म्हणाला, सांगतो संध्याकाळी.

संध्याकाळी आम्ही कालव्याच्या भरावावर बसलो. पाणी आवाज न करता चाललं होतं. आमच्याकडं पाणी म्हणजे आवाज, ओढ्याला पूर आला की दोन तास गर्जतो आणि संपतो. हे पाणी मुकं होतं. मी म्हणालो, "दादा, सायकलीचं गिऱ्हाईक बघायचं का?"

तो म्हणाला, "सायकल इकायची न्हाय. दोन कोस रोज चालत जाऊन तुझी दहावी हुईत न्हाय. मी ऱ्हातो हितं. सालाचा तर सवाल हाय."

मी म्हणालो, आईला काय सांगू. तो म्हणाला, "बी आणलंय म्हणून सांग."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकटा निघालो. कॅरिअरला दोन पिशव्या घट्ट बांधलेल्या, एकीत तीन पायल्या बाजरी, दुसरीत पायलीभर हुलगा आणि मावशीनं दिलेला पांढरा जोंधळा. चड्डीच्या आतल्या खिशात दादाची उचल. दादा कालव्याच्या पुलापर्यंत आला आणि टायर दाबून बघितला. एवढंच. जाताना जो घाट उतार होता तो येताना चढ झाला. मोगराळ्याला मी सायकल ढकलत वर नेली. दर वळणाला चाकाखाली दगड लावून थांबत होतो. माथ्यावर पोचलो तेव्हा मागं वळून बघितलं. हिरवी रेघ तशीच होती. आता तिथं आमचं एक माणूस होतं.

घरी पोचलो तेव्हा आईनं पिशव्या उतरवून घेतल्या, हात घालून बाजरी चाचपली, मग वाटेकडं बघितलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "सालाचा सवाल हाय." दादाचेच शब्द. दोघांचं आधीच काही ठरलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

1973 चा पाऊस चांगला झाला. एक बैल आमचा आणि एक शेजाऱ्याचा अशी सावड करून आम्ही पेरलं. बाजरी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. दादा सालभरासाठी राहिला होता, तो पन्नास वर्षं राहिला. पहिली तीन सालं तात्यांकडं, मग एकाची जमीन निमवाट्यानं, मग तिकडचीच सोयरीक, मग स्वतःची अडीच एकर. मी 1975 साली दहावी झालो. नव्या पद्धतीच्या दहावीची ती पहिलीच बॅच. पुढं शिकायचं नव्हतं, शेती होती. सायकल 1990 पर्यंत चालली.

आमच्या एकट्याच्या घरात असं झालं असतं तर मी लिहिलं नसतं. माण-खटावच्या वाडीवाडीत तुम्ही विचारा. कुणाचा भाऊ मुंबईला गोदीत नाहीतर माथाडीत गेला. कुणी सोनं-चांदी गाळायच्या कामाला पार दक्षिणेत नाहीतर उत्तरेत गेला. कुणी मेंढरं घेऊन कोकणात उतरला, कुणी कोयता घेऊन कारखान्यावर गेला. दुष्काळात माणसं मेली की त्याची नोंद होते. दुष्काळात घरं वाटली गेली, एक भाऊ पाण्याकडं आणि एक भाऊ मातीकडं, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

त्या दुष्काळानं एक चांगली गोष्टही दिली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. ज्याला काम पाहिजे त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, असा त्यांचा विचार. 1965 साली त्यांनी तासगाव तालुक्यात तो करून बघितला. 72 च्या सुमारास तो राज्यभर लागू झाला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 1979 पासून अमलात आला. पुढं 2005 साली देशाचा कायदा झाला. आमच्या आईसारख्या बायकांनी उन्हात बसून जे दगड फोडले, त्यातून हा कायदा निघाला असं मी मानतो. हातोडी धरली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं, आणि पुढं कुणी सांगितलंही नाही.

आता आमच्याकडंही पाणी येऊ लागलं आहे. उरमोडीचं, जिहे-कठापूरचं, टप्प्याटप्प्यानं विजेच्या पंपांनी उचलून. उतारानं जे कधी आलं नसतं ते माणसानं चढवून आणलं. ज्या ओढ्यात मी लहानपणी वाळू उपसून वाटीनं पाणी भरलं, तिथं आता मे महिन्यात पोरं पोहतात. आनंद आहेच. पण पाणी आल्याबरोबर आमच्या शिवारात पहिल्यांदा काय लागलं, तर ऊस.

दादाच्या अडीच एकरांतली खालची अर्धी एकर चोपण झाली आहे. सकाळी बघितलं तर जमिनीवर मीठ फुटल्यासारखा पांढरा थर. नीरेच्या कालव्यावर हा त्रास इंग्रजांच्या काळापासून आहे. तेव्हाही पाणी बाहेर काढायला चर खणावे लागले होते. मागच्या वर्षी दादा आमच्याकडं आला होता. माझ्या पोरानं त्याला कौतुकानं नवा ऊस दाखवला. दादानं वाकून मूठभर माती घेतली, दाबून बघितली आणि पोराला म्हणाला, "पाणी आलं म्हंजे समदं आलं असं न्हवं. बाहीर काढायची वाट आदी कर, मग आत घे. आन् वरच्या वाडीला पोचलंय का त्ये बघ."

वरच्या वाडीला अजून पोचलेलं नाही. पाणीवापर संस्थेची बैठक असते तेव्हा मी जातो. मला बोलता येत नाही फार, पण हात वर करून तेवढं एकच विचारतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं ठरलेलं आहे. आहेच ठरलेलं. दुधेबावीच्या त्या बाईनं तांब्याभर पाणी दिलं होतं आणि बाटली भरू दिली नव्हती. कालव्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याचं पाण्याशी नातं कसं असतं, ते मला तेव्हापासून माहीत आहे.